चूलबंद आवतण

"झालं सगळं गाव," तात्या म्हणाले आणि डोक्यावरचा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

आई चूल सारवत होती. चूल सकाळपासून थंडगार होती.

"सगळं?"

"सगळं. वरची आळी, खालची आळी, मळ्यातल्या वस्त्या. चूलबंद आवतण म्हणल्यावर घर सोडून चालतंय व्हय?"

"एक बी सुटलं न्हाई?"

"एक बी न्हाई."

"आन् हे?" आईनं सारवणाचा हात वर करून घराच्या आढ्याकडं दाखवला. "हे घर?"

तात्यांनी फेटा उचलला आणि दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

मी पडवीत पाय पसरून बसले होते. सातवा महिना होता, पहिलटकरीण, म्हणून माहेरी आले होते. माझे मालक आदल्या संध्याकाळीच बार्शीहून आले होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बोलणं कमी, भूक भरपूर. लग्नानंतर सासुरवाडीला मुक्कामाला ते पहिल्यांदाच येत होते. आता त्या पोटातल्या पोराला टक्कल पडायला लागलंय, तरी तो दिवस आठवला की माझ्या कानशिलाची शीर उडते.

आमचं काशिदांचं घर न्हाव्याचं. बोरटाकळीत तेव्हा खुर्ची-आरशाचं दुकान नव्हतं. तात्या झाडाखाली पोतं टाकून दाढ्या करायचे आणि गावात कुणाकडं काही कार्य निघालं की आवतण द्यायला जायचे. ते कामही आमच्याच घराकडं. आवतणाचे प्रकार होते. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या एकानं यायचं. 'बाप्यामाणसांना' म्हणजे बायकांनी घरी बसायचं. आणि सगळ्यांत थोरलं ते चूलबंद. घरातलं झाडून सगळं माणूस, आलेल्या पाहुण्यासकट, यजमानाकडं जेवणार. त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवायची नाही. पेटवली तर यजमानाला तोंडावर सांगितल्यासारखं, की तुमचं अन्न आमच्या लायकीचं नाही.

एकदा सांगून भागायचं नाही. सकाळी आवतण आणि दुपारी पानं मांडली की परत दारोदार बोलावणं. दुसऱ्या बोलावण्याशिवाय जो जेवायला गेला, तो भुकेला. त्याचं नाव नातवंडांच्या लग्नापर्यंत निघायचं. मोठी घरं तर दुसऱ्या बोलावण्यालाही उठायची नाहीत. तात्या दारात जाऊन म्हणायचे, "चला, पानं मांडलीत," की आतून आवाज यायचा, "व्हा पुढं, आलोच." त्याचा अर्थ एवढाच, की अजून एकदा या. मग तात्या तिसऱ्यांदा जायचे. पोटात कावळे ओरडत असले तरी मोठ्या माणसांनी तिसऱ्या बोलावण्याशिवाय चपला घालायच्या नाहीत, असा तिथला थाट.

आणि एवढं सगळं गाव बोलावणाऱ्या माणसाच्या घराला कुणी आवतण द्यायचं नाही.

का, तर आम्ही 'घरचेच'. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय. घरच्यांना कशाला आवतण? घरच्यांनी मागच्या दारानं यायचं, पाण्याच्या घागरी भरायच्या, पंगती उठल्या की पत्रावळी उचलायच्या आणि मग चुलवणापाशी, भांडी घासायच्या जागेजवळ, जे उरलं असेल ते खायचं. मी तिथं किती वेळा जेवलेय. भाताला राखेचा वास असायचा.

त्या दिवशी वास्तुशांत होती आबासाहेबांची. आबासाहेब म्हणजे दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांनी गावातला पहिला स्लॅबचा बंगला बांधला होता. वर गच्ची, गच्चीला नक्षीचा कठडा. दारावर एक बटण, ते दाबलं की आत पाखरू ओरडायचं, लाइट असली तर. लाइट नसायची, म्हणून लोक बटण दाबून वर तोंडानं हाकही मारायचे.

"म्या काय म्हनते," आई म्हणाली, "जावई हायेत घरात."

"हायेत की."

"त्यांना कुठनं नेणार? मागच्या दारानं?"

तात्यांनी फेटा उचलून खुंटीला अडकवला.

"घागरी भराया लावनार का पत्रावळी उचलाया?"

"सोजर, हळू बोल," तात्या म्हणाले. मालक पडवीतच होते, माझ्यापासून हातभर लांब. ते वर छपराकडं बघत होते, जणू छपराचा एखादा नट ढिला झालाय.

"तुमीच द्या की मग आपल्या घराला आवतण," आई म्हणाली. "गावाला दिलं तसं. दारात हुबं ऱ्हावा आन् म्हना."

"मी कुणाच्या नावानं म्हनू? आबासाहेबांनी घरं सांगितली, त्यात आपलं न्हाई सांगितलं. न सांगितलेल्या घराला आवतण दिलं तर ते खोटं हुतंय." तात्यांचा आवाज एकदम कडक झाला. ह्या बाबतीत माझा बाप कलेक्टर होता. "आजवर मी खोटं आवतण दिलेलं न्हाई."

"बरं," आई म्हणाली आणि पुन्हा चूल सारवायला लागली. ती आधीच सारवून झाली होती.

दुपार चढली. गावात कुठंच धूर नाही. चूलबंदच्या दिवशी आभाळ कसं धुतल्यासारखं दिसायचं. बंगल्याकडून मात्र बुंदीचा वास येत होता, आणि तो नेमका आमच्या घरावरून जात होता. पोटातलं पोर लाथा मारत होतं. मालकांच्या पोटातून एक लांबलचक आवाज निघाला, एसटी घाट चढताना निघतो तसा. काही ऐकलंच नाही असं आम्ही सगळ्यांनी दाखवलं.

तात्या तोंड धुवायला न्हाणीत गेले. फेटा खुंटीला होता. आई उठली, फेटा काढला, त्याच्या सगळ्या घड्या मोडल्या आणि तो पडवीतल्या घंगाळात बुडवून वर साबण लावला.

"आई, हे काय?" मी म्हटलं.

"मळला हुता."

तेवढ्यात दारात जीप थांबली. आबासाहेबांचा ड्रायव्हर सदा आत डोकावला. "गेनबातात्या, पानं मांडली. बोलावणं करा लवकर. आबासाहेब म्हनले, पयली पंगत वरच्या आळीची."

"निघालोच," तात्या म्हणाले, तोंड पुसत खुंटीकडं गेले, आणि रिकाम्या खुंटीवर त्यांचा हात फिरत राहिला.

जीप गेली. तात्यांनी घंगाळात बघितलं.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. गावात आवतण द्यायचं काम तात्यांकडं, तसं मयताची बातमी द्यायचं कामही तात्यांकडंच. दोन्हीत फरक एवढाच, की आवतणाला डोक्यावर फेटा आणि मयताला बोडकं डोकं. तात्या बोडक्या डोक्यानं दारात उभे राहिले की बायका आधी रडून घ्यायच्या आणि मग कोण गेलं ते विचारायच्या.

"सोजर," तात्या म्हणाले, "आता मी जाऊ कसा?"

"नगा जाऊ."

"गाव खोळंबलंय."

"मी बी खोळंबलेय. गाव सकाळपास्नं खोळंबलंय, मी लगीन हुन आल्यापास्नं."

"दुसऱ्याचा फेटा मागून आणतो."

"आणा की. कुनाचा आणता? गावात कोन तुमाला आपला फेटा डोक्याला लावू देतंय ते मला बी बघू द्या."

तात्या अंगणात जाऊन दगडावर बसले. उन्हात, बोडक्या डोक्यानं, हात गुडघ्यांत घालून. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते तसे बसलेले दिसत असतील, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आमच्या कुणाच्याच आलं नाही.

आईनं जावयाकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं. मग चुलीत काटक्या घातल्या आणि काडी ओढली.

"अगं, चूलबंद," मी म्हटलं.

"ज्यांना आवतण हाय त्यांची चूल बंद. आपल्याला न्हाई. आपुन दोन्हीकडनं उपाशी मरायचं व्हय? जावई, पिठलं-भाकरी चालंल का?"

"पळंल," मालक म्हणाले. त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं बोलणं.

धूर वर गेला. सरळ, काळा, खांबासारखा, कारण काटक्या ओल्या होत्या. अख्ख्या गावाच्या मोकळ्या आभाळात एकटा आमच्या घराचा धूर.

भिंतीवरून शेजारच्या पारूकाकूचं डोकं वर आलं. नवं लुगडं, नाकात नथ, कपाळाला मळवट भरावा तसं कुंकू. सकाळपासून नटून बसली होती बिचारी.

"सोजर, धूर कसला गं?"

"पिठलं टाकलंय."

"पिठलं? आज?" काकूनं अंगणात दगडावर बसलेल्या तात्यांकडं बघितलं. त्यांच्या डोक्याकडं बघितलं. तिचा हात हळूहळू नथीकडं गेला. "म्हंजे जेवण न्हाई?"

"मला काय ठावं. आमाला आवतण न्हाई."

आई एक शब्द खोटं बोलली नाही, हे मी आजही शपथेवर सांगते. पण पारूकाकूनं हिशेब घातला. बोलावणाऱ्याच्याच घरात चूल पेटलीय. बोलावणारा बोडक्या डोक्यानं बसलाय. म्हणजे कार्य मोडलंय, आणि कार्य मोडलंय ते सुतकानं. बंगल्यात मरण्यासारखं कोण आहे? आबासाहेबांची म्हातारी. नव्वदीची.

काकूचं डोकं खाली गेलं. थोड्या वेळानं तिच्या घरातून धूर निघाला. मग तिच्या पलीकडच्या घरातून. मग खालच्या आळीतून एकदम, आणि मग वरच्या आळीतून. सकाळपासून उपाशी असलेलं गाव, त्याला कुणी नुसतं निमित्त द्यायचा अवकाश होता. बघता बघता आभाळ रोजच्यासारखं झालं.

पुढचं आम्हाला सदानं सांगितलं. आबासाहेब नवा रेशमी सदरा घालून गच्चीवर उभे होते, गाव येताना वरून बघायला म्हणून. त्यांना आधी एक धूर दिसला, मग दोन, मग गाव दिसेना. मागच्या अंगणात कढया भरून बुंदी, भाताचे ढीग, वांग्याचा रस्सा. आणि रस्त्यानं येताना दिसली ती वरच्या आळीची म्हातारी माणसं, नवे कपडे काढून जुने घातलेली, खाली माना घालून. त्यांतल्या एकानं आबासाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कवा गेली?"

"कोण?"

"मोठ्या भाग्याची. बंगला बघून गेली."

म्हातारी तेव्हा आत झोपाळ्यावर बसून बुंदी खात होती. तिला दात नव्हते, म्हणून ती बुंदी पाण्यात भिजवून खात होती. बाहेर बाया गळा काढायला लागल्या तशी तीही झोपाळ्यावरून उतरली, बाहेर आली आणि एका बाईच्या गळ्यात पडून रडायला लागली. कोण गेलं ते तिला कुणी सांगेना.

जीप परत आमच्या दारात आली तेव्हा तिच्यातून आबासाहेब स्वतः उतरले. आमच्या दारात ते पहिल्यांदाच आले होते. घर कुठलं ते त्यांना सदानं दाखवावं लागलं. रोज सकाळी ज्याच्या पुढ्यात मान वर करून दाढीला बसायचं, त्याचं घर माहीत नाही.

"गेनबा," ते म्हणाले, "माझी आई मारलीस तू."

तात्या दगडावरून उठले. "मी? मी तर हितनं हललो न्हाई आबासाहेब."

"का न्हाई हललास? बोलावणं का न्हाई केलंस? आणि हे डोकं बोडकं का?"

"फेटा भिजत घातलाय."

"आज?"

तात्यांनी घराकडं बघितलं. आबासाहेबांनीही बघितलं. आत आई भाकरी थापत होती. थापट्यांचा आवाज जरा मोठा झाला.

आई आबासाहेबांशी थेट बोलायची नाही. गावात तशी रीत नव्हती. ती तात्यांना सांगायची, तात्या आबासाहेबांना, आणि मध्ये पाच-सहा पावलांचं अंगण. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"अवो, त्यांना इचारा, हे घर गावात हाय का न्हाई," आई आतून म्हणाली.

"ती म्हंती, हे घर गावात..."

"ऐकलं मी," आबासाहेब म्हणाले. "आता हे काय नवीन? अरे, तुम्ही घरचीच माणसं. घरच्यांना कुणी आवतण देतं का?"

"त्यांना इचारा," आई म्हणाली, "घरची मानसं हाय तर सकाळी फोटोवाला आला हुता, घरच्यांचा फोटो काढला, त्यात आपुन कुठं हुतो?"

तात्या आबासाहेबांकडं वळले, पण आई थांबलीच नाही.

"त्यांना इचारा, घरच्या मानसांनी त्या बंगल्याचं पुढलं दार आतनं बघितलंय का. का ते निस्तं पाव्हण्यांसाठी हाय?"

आबासाहेबांच्या कपाळावर घाम आला. रेशमी सदरा पाठीला चिकटला. मागं रस्त्यावर माणसं जमायला लागली होती. म्हातारी जिवंत आहे हे कळल्यावर गावाची भूक परत जागी झाली होती आणि भुकेल्या गावाला भांडण बघायला फार आवडतं.

"बरं बाबा, चुकलं म्हण," आबासाहेब म्हणाले. "गेनबा, जा, बोलावून आण तुझ्या बायकोला. दे तिला आवतण."

आता यजमानानं घर सांगितलं होतं. तात्यांच्या कायद्यात ते बसत होतं. ते खरोखर वळले, उंबऱ्यापाशी आले, बायकोसमोर उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "काशीद घर. आबासाहेब चेअरमन ह्यांच्याकडं..."

"कोन म्हनायचं तुमी?" आईनं विचारलं.

मालक माझ्या शेजारी खोकले.

"सोजर, चेष्टा नको. लोकं बघत्यात."

"चेष्टा न्हाई. घरच्या मानसानं घरच्याच मानसाला दिल्यालं आवतण, ते कसलं आवतण? गावाला तुमी बोलावता. तुमाला कोन बोलावतंय?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ते दारात हायेत. त्यांना तोंड हाय. सोसायटीच्या सभंला तर लई बोलत्यात म्हनं."

अंगणात कुणी हसलं नाही, पण रस्त्यावर कुणीतरी हसलं.

आबासाहेबांनी चौकडं बघितलं. बंगल्यात कढया भरलेल्या, इथं गाव उभं, आणि गेनबा काशिदानं बोलावल्याशिवाय ते गाव बंगल्याकडं एक पाऊल टाकणार नाही. कारण बोलावण्याशिवाय जो गेला तो भुकेला. ही अडचण गावानंच करून ठेवली होती. आबासाहेब उंबऱ्याजवळ आले.

"चला," ते म्हणाले.

आईनं भाकरी उलटली.

"चला जेवायला."

तात्यांना ते बघवेना. आबासाहेबांची फजिती होतेय याचं त्यांना काही नव्हतं. आवतण चुकीचं दिलं जातंय, हे त्यांच्या जिवाला लागलं. ते आबासाहेबांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "आधी घराचं नाव घ्यायचं."

"काशीद घर," आबासाहेब म्हणाले.

"मग आपलं नाव. आन् कार्य."

"मी... आबासाहेब. वास्तुशांत आहे माझ्याकडं."

"माझ्याकडं न्हाई. आमच्याकडं. आन् चूलबंद म्हना."

"आमच्याकडं. चूलबंद आवतण आहे."

"पै-पाव्हण्यांसहित."

"पै-पाहुण्यांसहित."

"लेकी-जावयासकट," आईनं चुलीवरूनच भर घातली. हे तात्यांच्या आवतणात नव्हतं. आबासाहेबांनी मान वळवून तात्यांकडं बघितलं. तात्यांनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला.

"लेकी-जावयासकट. पानं मांडलीत. चला."

झालं. माझ्या जन्मात आमच्या दारात उभं राहून कुणी ते शब्द पहिल्यांदाच म्हटले होते. मी पोट सावरत उठले. मालकांनी चपला शोधायला सुरुवात केली. आईनं हात झटकले, पदर डोक्यावर घेतला आणि पहिल्यांदाच थेट आबासाहेबांच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हा पुढं," ती म्हणाली. "आलोच."

आबासाहेबांचं तोंड कसनुसं झालं. ते शब्द त्यांना कुणी शिकवायला नको होते.

माझ्या लग्नाचं मी अजून सांगितलं नाही. दीड वर्षापूर्वी त्याच अंगणात मांडव होता. तात्यांनी नवा फेटा बांधून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरचं आवतण दिलं होतं. चूलबंद. दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन आईनं लापशीचा गूळ साठवला होता. सकाळी तात्या गावात फिरले, दुपारी पुन्हा फिरले, तिसऱ्यांदाही फिरले. एकानं नाही म्हटलं नाही. आबासाहेबांनी ओट्यावरूनच हात वर केला, "व्हा पुढं गेनबा, आलोच." वरची आळी तेच म्हणाली. खालच्या आळीतली निम्मी तेच म्हणाली. आणि आई पाहुण्यांच्या पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. मी हळदीच्या अंगानं आतून बघत होते. सावल्या लांब झाल्या तरी ती तशीच उभी होती. मग गावातून धूर निघायला लागला. एकेका घराचा. तेव्हा तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि आत आली. आमच्या हातचं त्यांना चालत नव्हतं. वस्तऱ्यापुढं रोज गळा द्यायला चालत होतं, लापशी चालत नव्हती. तिसऱ्या दिवशी आंबलेली लापशी तात्यांनी ओढ्यात नेऊन टाकली. त्या दिवसाबद्दल आई कुणाशी कधी बोलली नाही. माझ्याशीसुद्धा नाही.

आबासाहेब जीपमध्ये बसून गेले. तात्यांनी घंगाळातला फेटा पिळला आणि तसाच ओला डोक्याला बांधला. यजमानानं काम सांगितलं होतं, ते करायलाच पाहिजे. ते दारोदार बोलावणं करत निघाले तेव्हा फेट्याचं साबणाचं पाणी गालांवरून ओघळत होतं. खालच्या आळीत एका म्हातारीला ते रडताहेत असं वाटलं आणि तिनं पुन्हा गळा काढला. तिला समजावण्यात आणखी वेळ गेला.

आम्ही जेवायला बसलो. पिठल्यावर लसणाची फोडणी होती, भाकरी खरपूस होती, कांदा बुक्कीनं फोडला होता. मी चार भाकरी खाल्ल्या. मालकांच्या मोजल्या नाहीत.

"झकास झालंय," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "सासूबाई."

आईनं मान खाली घातली आणि त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

परत जीपचा आवाज आला. सदा ह्या वेळी दारात थांबला नाही, धावत उंबऱ्यापर्यंत आला. त्याच्या ओठाला बुंदीचा एक दाणा चिकटला होता.

"सोजरकाकी, चला लवकर. गाव आलंय सगळं. पुढच्या दाराजवळ, पयल्या पंगतीत तुमची पानं मांडलीत. वाढून झालंय. आबासाहेबांनी सोता दारात येऊन बोलावलंय, आन् यजमानानं सोता बोलावल्यालं पाव्हणं बसल्याबिगर पंगतीला घास उचलता येत न्हाई. पाटलांची, देशमुखांची, सगळी हात पानावर धरून बसलीत. माश्या बसाया लागल्या. तात्या पानांपाशी हुबं राहून कुत्री हाकलत्यात."

"रस्त्याकडं बघत्यात का?" आईनं विचारलं.

"कोण?"

"सगळी."

"मग काय तर. सारखी माना वळवून बघत्यात. आलं का कुणी, आलं का कुणी."

आईनं परातीत पीठ घेतलं आणि मध्ये आळं करून पाणी ओतलं.

"आई," मी म्हटलं, "जायचं न्हाई व्हय?"

"जायचं की," आई म्हणाली. "आलोच म्हनून सांगितलंय." आणि ती पुढची भाकरी थापायला लागली.